चासी ‘सरळ केली’ म्हणे!

समोरून धडक बसलेल्या माझ्या मोटरसायकलची चासी, म्हणजे सांगाडा, दुरुस्त करायची की बदलायची, याचा निकाल गॅरेजवाल्यानंच परस्पर लावला. “बदलायची काय गरज? जिगवर चढवून कंपनीतून आल्यासारखी सरळ करून देतो.” बिलातही तसंच आलं: चासी अलाइनमेंट, इंजिन उतरवणे-बसवणे, रंगकाम. गाडी चकाचक होऊन परत आली. जिगवर, म्हणजे चासी घट्ट पकडून मोजत सरळ करायच्या साच्यावर, ती चढलीच नव्हती.

हँडल किंचित डावीकडे वळवून धरलं तरच गाडी सरळ जायची. तक्रार केल्यावर उत्तर तयार, “टायर घासलाय.” टायर बदलला, फरक शून्य. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणली. पुढचं चाक सरळ धरलं की दोन्हीकडे सारखी फट दिसायला हवी. इथं एका बाजूला बोट सहज जात होतं, दुसरीकडे दोरी टायरला टेकली होती.

मग त्यानं टाकी काढली. वायरिंगच्या काळ्या नळीवर आणि क्लच केबलवर रंगाचे तुषार उडालेले. इंजिनच्या बोल्टांच्या खाचांत जुनी माती तशीच, पान्याचा एक ओरखडा नाही. इंजिन उतरवल्याची मजुरी मात्र मी मोजली होती. हँडलच्या नळीखालचा रंग खरवडला तर पुट्टीची ढलपी निघाली, आणि तिच्याखाली पाइपाला पडलेली चुणी. पाइपाच्या मागच्या अंगाला, जिथं पॉलिश पेपर पोचला नव्हता, तिथं गॅसनं तापवल्याचा निळसर डाग. वेल्डिंगच्या कडेला त्यानं तड्यात शिरणारा लाल डाय लावला, थोड्या वेळानं पुसला आणि वर आतला डाय ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा!

समोरचा मार फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाइपांमधून, थेट हँडलच्या नळीवर जातो. ती मागे ढकलली गेली की फोर्कचा कोन उभट होतो, ट्रेल (हँडलच्या नळीची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि वेगात गाडी वळवळते. साध्या स्टीलची चासी थोडीच वाकली असेल, तर मोजमाप घेत थंडच ओढून जाग्यावर आणता येते, त्यात गैर काही नाही. पण नळीपाशी पाइपाला चुणी किंवा तडा असेल तर बदलायचीच, तिथं घासाघीस नको. अ‍ॅल्युमिनियमच्या चासीला कोणी वाकवण्यासाठी गॅस लावायला निघाला, तर गाडी उचला आणि निघा. तिची ताकद कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेतून आलेली असते, ती अशा तापवण्यानं जाते. शिवाय वितळायच्या आधी हा धातू स्टीलसारखा लालही होत नाही, त्यामुळे किती तापला ते डोळ्यांना कळत नाही.

म्हणून दुरुस्तीआधीची आणि नंतरची मापं लेखी मागा. रंग मारण्याआधी उघडी चासी स्वतः बघा. “रंग झाल्यावरच या” म्हणणाऱ्याकडे तर रंगाच्या आधीच जाऊन बघा. पुढच्या फोर्कचे पाइप सपाट काचेवर फिरवून दाखवायला सांगा, वाकलेला असेल तर पाइप आणि काचेमधली उजेडाची फट उघडझाप करते. वापरलेली चासी घेताना तिच्यावरचा नंबर आणि कागद ताडून बघा. नंबर घासलेला दिसला तर ती फुकटातही नको. चोरीच्या गाडीची निघाली तर निस्तरत बसाल तुम्हीच.

पहिल्या गॅरेजवाल्याला सगळे फोटो दाखवले. “गाडी चालतेय ना?” एवढंच म्हणाला. बरीच वादावादी झाल्यावर रंगाचे पैसे परत दिले, अलाइनमेंटचे दिले नाहीत. मी चासी बदलून घेतली. जुनी चासी पहिल्या गॅरेजवाल्यानंच भंगारात मागितली होती! कागदपत्रांचं काम उरकल्यावर ती नळीपाशी माझ्यासमोर कटरनं कापून घेतली.