हप्त्यांवरची गाडी, ‘स्टेज वन’ रीमॅप आणि माझे 1,47,100 रुपये

लिहायची लाज वाटते. पण गाडीच्या इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून (यालाच रीमॅप म्हणतात, ‘स्टेज वन’ म्हणजे त्याची पहिली पायरी) मला फसवणाऱ्या ट्यूनरने आता दुसऱ्या रस्त्यावर नवा बोर्ड लावल्याचं कळलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

माझी 1.5 लिटरची डिझेल गाडी. कर्ज 8,40,000, साडेनऊ टक्क्यांनी 84 हप्ते, दर 5 तारखेला 13,729 रुपये. अकरावा हप्ता गेला तेव्हा मामेभावाने या ट्यूनरचं नाव सुचवलं. नागपूरच्या अमरावती रोडला वाडीच्या पुढे पत्र्याची शेड. 100 पीएस ताकदीची गाडी 130 वर नेतो, मायलेज वाढतं, सर्व्हिस सेंटरवाल्यांना पत्ता लागत नाही. “भाऊ, टेन्शन काहून घेता? ओरिजिनल फाइलचा बॅकअप पेन ड्राइव्हमध्ये देऊन राहिलो ना.” मला वेगाचं वेड नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन मेहकरला जाताना ओव्हरटेकला गाडी दम टाकायची, एवढंच.

28,500 रीमॅपचे, 4,000 डिकार्बनचे, म्हणजे इंजिनातली काजळी साफ करायचे. एकूण 32,500, त्यातले 5,000 रोख आगाऊ, बाकीचे यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणे 18 टक्के वर लागतील. 5,850 रुपये वाचवले मी, आणि आज हातात त्याच्या सहीचा एक कागद नाही. बिलाशिवाय गाडीची किल्ली कोणाच्या हातात देऊ नका.

काम झाल्यावर त्याने डायनोचा, म्हणजे गाडी रोलरवर चढवून इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, ग्राफ दिला. मे महिना, बाहेर 44 अंश, शेडमधला कूलर गरम हवा फेकत होता. त्या ग्राफच्या कोपऱ्यात हवेचं तापमान छापलं होतं: 19 अंश. मी तो आकडा वाचला. वाचला आणि त्याच कागदाने वारा घेतला. खालची आरपीएमची पट्टी 7000 पर्यंत गेली होती. माझी डिझेल गाडी 5000 च्या पुढे जातच नाही, हे मला माहीत होतं. शेडमध्ये डायनोचे रोलरही नव्हते. पण त्याने गाडी तासभर ट्रायलला नेली होती, तिकडे कुठे चढवली असेल असं मी धरून चाललो. तो ग्राफ कुठल्या तरी पेट्रोल गाडीचा, कुठल्या तरी थंडीतला होता. रात्री डोळे मिटले की तो 19 चा आकडा दिसतो.

सतराव्या दिवशी समृद्धीवर, येळाकेळीच्या अलीकडे, मागून निळा धूर आला आणि गाडी लिम्प मोडला गेली, म्हणजे इंजिन वाचवायला तिने स्वतःच ताकद कमी केली. मागे आई बसली होती. क्रेनने गाडी नागपूरला आणली. टर्बो गेला होता. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला तर ईसीयूतलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर कंपनीचं नाही हे लगेच कळलं. वॉरंटी नाकारली, बिल 1,14,600. पेन ड्राइव्हमधली ‘ओरिजिनल’ फाइल तपासून घेतली, तीसुद्धा दुसऱ्याच गाडीची. ज्यांना रीमॅप करायचंच आहे त्यांनी फाइल परत टाकून दाखवायला लावा, तिथेच, पैसे देण्याआधी.

त्याचा फोन दोन दिवस लागला, मग बंद. शेडला कुलूप.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, तुम्ही स्वतः गाडी नेली, स्वतः पैसे दिले, हे दिवाणी प्रकरण आहे. दुसऱ्यांदा, यूपीआयने दिले ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोरचा व्यवहार ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही, ठाण्यातच जा. तिसऱ्यांदा दीड तास बाकड्यावर बसवलं आणि मग विचारलं, “कलम 52 माहीत आहे का? परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला म्हणून आधी तुमच्यावरच होईल.” मोटार वाहन कायद्यात ते आहे, मी नंतर वाचलं: 182अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 दंड, किंवा दोन्ही. मान्य. मग जो माणूस दुकान थाटून रोज हेच करतो, खोटे ग्राफ वाटतो, त्याच्या शेडवर एक शिपाई का गेला नाही? माझा अर्जसुद्धा घेतला नाही. पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत म्हणे. तक्रार करायला आलेल्याला आरोपी असल्यासारखं बोलायचं आणि तो परत येणार नाही याची सोय करायची, एवढंच काम त्या ठाण्यात चाललेलं मी पाहिलं.

बँकेकडे दोन हप्त्यांची सवलत मागितली तर त्यांनी कर्जाचा करारच पुढे केला. लेखी परवानगीशिवाय गाडीत बदल करायचा नाही, असं त्यात आहे, खाली माझी सही. एजंट पेन्सिलने फुल्या मारून देतो आणि आपण चाळीस पानांवर सह्या करत जातो, तिथे कोण वाचतं? पण आरसीवर बँकेचा बोजा आहे तोवर गाडी पूर्ण आपली नसते. ते एक पान शोधून वाचा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आणि तो ग्राफ जोडला आहे. मेसेज डिलीट करू नका, माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच उरलंय.

गाडी अजून सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी आहे, बिलाचे 60,000 भरायचे राहिलेत. परवा 5 तारखेला हप्ता कापला गेला.