चारशे रुपयांत आपल्याच पेठा

बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. पुण्यातल्या बहुतेक पेठा मी रस्ता खणलेल्या अवस्थेत पाहिल्यात. त्यामुळे मुलीनं 'अपरिचित पुणे' अशा हेरिटेज वॉकची दोन तिकिटं काढली तेव्हा मी जरा कुरकुरलोच. माणशी चारशे रुपये, रविवारी सकाळी सात वाजता सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीपाशी जमायचं.

पहिल्याच ठिकाणी माझी जिरली. या देवळावरून मी किती वेळा गेलो असेन, पण मान वर करून पाहिलं नव्हतं. १७५४ साली भीमगीरजी गोसावींनी काम सुरू केलं, १७७० मध्ये पुरं झालं. गणपती तीन सोंडांचा आणि बसलेला मोरावर. दर्शनी भिंतीच्या काळ्या दगडात चक्क गेंडे कोरलेत, आणि एका ठिकाणी फिरंगी शिपाई गेंड्याला साखळदंड घालतोय! सोमवार पेठेत गेंडा कोणाला सुचला असेल? गाइड मुलगा तिशीच्या आतला. त्यानं आधी सगळ्यांना दोन मिनिटं नुसतं बघायला लावलं आणि मगच तोंड उघडलं. हे मला फार आवडलं.

तळघरात गुरूंची समाधी आहे आणि तिथे पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शन खुलं करतात. हे मात्र त्यानं एका वाक्यात उरकलं. मला तिथेच रेंगाळायचं होतं, पण मंडळी नागेश्वराकडे निघालीसुद्धा.

आता तक्रार. वीस जणांचा गट असं सांगितलं होतं, मी मोजले तर एकतीस. माइक नाही. कसबा गणपतीच्या पुढे रहदारी वाढल्यावर मागच्या दहा जणांना फक्त हातवारे दिसत होते. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी सांगायला हवं होतं, साठीच्या पुढचे आम्ही सहा-सात जण होतो. 'नाश्ता समाविष्ट' म्हणजे एक वडापाव आणि अर्धा कप चहा. शनिवारवाडा बाहेरूनच दाखवला ते बरं केलं, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

मंडईत त्यानं छान गोष्ट सांगितली. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे मंडईला नाव लागलं ते त्यांचंच.

तिथून सदाशिव पेठेकडे निघाल्यावर कात्रजच्या नळाचा विषय आला आणि मी सरसावलो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून थेट शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधला. काळा हौद, बदामी हौद ही नावं आपण पत्ता सांगताना वापरतो, पण ते खरेच हौद होते. तिथे लोक पाणी भरत. गाइड म्हणाला, पाणी 'प्रेशरनं' यायचं. मला राहवलं नाही. कात्रज उंचावर, शहर खाली, सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी दगड खातं, कमी झाला तर गाळ बसतो. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले, तिथे हवा बाहेर पडते आणि गाळ काढता येतो. लेव्हल काढायला आजच्यासारखी यंत्रं नसताना हे केलं, आणि आम्ही यंत्रं असून काय दिवे लावले ते पुणेकरांना माहीत आहे.

मुलगा चिडला नाही. "काका, पुढचं तुम्हीच सांगा," म्हणून बाजूला उभा राहिला, वर वहीत टिपूनही घेतलं. आमची ही मागून म्हणाली, "अहो, चारशे रुपये आपण भरलेत, त्यांनी नाही."

शेवट खुन्या मुरलीधरापाशी. १७९७ मध्ये मूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी चकमक होऊन माणसं मारली गेली, म्हणून हे नाव. दहाला संपणार होतं, अकरा वाजले. उन्हात कोणाचंच लक्ष नव्हतं, मुरलीधरावर अन्याय झाला.

पाचात साडेतीन. अर्धा गुण गर्दीचा कापला, अर्धा माइकचा, अर्धा वेळेचा. गाइडचा एकही नाही. जायचं तर बूट घालून जा आणि गटात पुढे राहा.

येत्या गुरुपौर्णिमेला त्रिशुंड्याला जायचं आम्ही ठरवलंय. पाणी कसं उपसतात हे तिथे कोणालाही विचारायचं नाही, अशी अट मला घालण्यात आली आहे.