क्रिटिकल केअरच्या ऑनलाईन मास्टर्समध्ये मी कशी फसले, फी भरायच्या आधी वाचा

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. हे लिहायला आठ महिने लागले कारण लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या एका ज्युनिअरने तसल्याच कोर्सची जाहिरात दाखवली आणि म्हणाली, ताई हे करू का, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

मला क्रिटिकल केअरमध्ये मास्टर्स करायचं होतं. बेडसाईडचं काम हातात बसलंय, पण शिकवायच्या पोस्टवर जायचं तर डिग्री लागते, आणि नाईट ड्युट्या, घरी लहान मुलं, यात रेग्युलर कॉलेज शक्यच नव्हतं. एका नाईटला ब्रेकमध्ये मोबाईलवर सर्च केलं, एका युनिव्हर्सिटीच्या साईटवर नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. रात्री दोन वाजता. तेव्हा वाटलं किती तत्पर लोक आहेत. खरं तर फोनच्या पलीकडे युनिव्हर्सिटी नव्हतीच, कॉल सेंटर होतं.

काउन्सेलर खूप गोड बोलायची. मॅडम तुमचा चौदा वर्षांचा अनुभव म्हणजे अर्धा कोर्स झालाच, त्याचे क्रेडिट्स मिळतील, फक्त आज रात्री बारापर्यंत भरलंत तर स्कॉलरशिप. अनुभवाचे क्रेडिट्स खऱ्या युनिव्हर्सिटीही देतात, पण त्या कागद मागतात, केलेल्या कामाचे पुरावे तपासतात आणि थोडेच क्रेडिट्स देतात. इथे फोनवरच अर्धा कोर्स माफ झाला आणि मला त्यात काही खटकलं नाही, कारण इतक्या वर्षांत माझ्या कामाची कुणीतरी कदर करतंय असं वाटलं.

आणि मी चौकशी केली नाही असं नाही हो. साईटवर मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव होतं, त्यावर क्लिक केलं, त्या संस्थेची साईट उघडली, यादीत युनिव्हर्सिटीचं नाव दिसलं, मी निर्धास्त झाले. ती संस्थासुद्धा त्यांनीच उभी केलेली. खोटी मान्यता देणाऱ्या संस्था हा या धंद्याचा जुना भाग आहे हे मला नंतर कळलं. त्यांनी दिलेल्या लिंकवरूनच त्यांची चौकशी केली, तिथेच मी चुकले.

कोर्स म्हणाल तर सहा असाइनमेंट्स. प्रॉक्टर्ड परीक्षा, म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून घेतलेली, नाही, हॉस्पिटलमधली क्लिनिकल पोस्टिंग नाही, शिकवणाऱ्या माणसाचा चेहरा एकदाही पाहिला नाही. तिसऱ्या असाइनमेंटमध्ये नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या, म्हणजे बीपी फार खाली गेलेल्या पेशंटला पंपाने शिरेतून देतात त्या औषधाच्या, इन्फ्युजनचा रेट काढायचा होता, डोस मिनिटाचा आणि पंपाचा रेट तासाचा, आणि मी साठने गुणायलाच विसरले. पाठवल्यावर लक्षात आलं, घाबरून लगेच दुरुस्ती मेल केली. तोपर्यंत रिझल्ट आलेला, ९८ टक्के, एक्सलंट वर्क. शॉकमधल्या, म्हणजे बीपी कोसळलेल्या, पेशंटला लागणाऱ्या डोसचा साठावा भाग, आणि एक्सलंट. त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी मी थांबले नाही, अर्ध्याहून जास्त पैसे भरून झाले होते.

शेवटी फोन आला, सर्टिफिकेटवर कुठलं वर्ष टाकू मॅडम. मग अपोस्टिलचे वेगळे पैसे मागितले, म्हणजे जगभर चालेल म्हणे. मी तेही भरले. तर नीट समजून घ्या, अपोस्टिल १९६१च्या हेग कराराखाली मिळतं आणि ते फक्त कागदावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. डिग्री खरी आहे का, त्यामागे शिक्षण झालं का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

एचआरने डिग्री व्हेरिफिकेशनला पाठवली आणि आम्हा नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग काउन्सिलचं उत्तर आलं की अशी कुठलीही संस्था त्यांच्याकडे मान्य नाही. प्रमोशन गेलंच, वर लेखी खुलासा द्यावा लागला, मेट्रनने बाजू घेतली म्हणून नोकरी राहिली. त्यानंतर एक माणूस स्वतःला सरकारी अधिकारी म्हणवून फोन करायला लागला, तुमची डिग्री बोगस आहे, केस नको असेल तर पैसे भरा. ती त्यांचीच माणसं. पैसे देऊ नका, नंबर आणि मेल जपून ठेवा, थेट पोलिसांत तक्रार करा, मी तेच केलं.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं हे किती मोठं आहे. पाकिस्तानच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचा बोगस डिग्र्यांचा धंदा २०१५ मध्ये बाहेर आला, आणि २०१८ मध्ये बीबीसीने दाखवलं की २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत एकट्या ब्रिटनमध्ये त्यांच्या ३,००० च्या वर पदव्या विकल्या गेल्या, घेणाऱ्यांत डॉक्टर आणि नर्सेसही होत्या. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत ऑपरेशन नाइटिंगेल या सरकारी तपासात फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलच्या ७,६०० हून जास्त खोट्या डिप्लोम्यांचं प्रकरण उघड झालं. क्लिनिकल तास न भरता नुसता कागद विकत, आणि तो कागद दाखवून लोक लायसन्सच्या परीक्षेला बसले. त्यांच्या हाताखाली कोण पेशंट आले असतील हा विचार डोक्यातून जात नाही.

सगळं ऑनलाईन वाईट असं मी म्हणत नाहीये. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा पब्लिक हेल्थचा मास्टर्स घरी बसून करता येतो, एडिनबरा युनिव्हर्सिटीचे सर्जन लोकांसाठी ऑनलाईन कोर्स आहेत, आणि ते काम करत करत करणारे खरंच शिकतात. पण तिथे शिक्षक असतात, नापास व्हायची शक्यता असते. आणि अशा डिग्रीनेही आपोआप प्रॅक्टिसचा हक्क वाढत नाही, तो लायसन्स देणारी काउन्सिल ठरवते. कुणी पूर्ण एमबीबीएस किंवा एमडी ऑनलाईन देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये आमचं नाव आहे असं कुणी सांगितलं तरी यादीत असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे ती डिरेक्टरी स्वतःच सांगते.

आपल्या काउन्सिलला फी भरायच्या आधी लेखी विचारा, ही डिग्री तुम्ही नोंदवून घ्याल का, एवढंच. मी हा मेल आठ महिन्यांपूर्वी केला, सगळं संपल्यावर, आणि चार दिवसांत उत्तर आलं.

माझं ऐकून आमच्यातल्या दोघींनी तिथेच अ‍ॅडमिशन घेतली होती. एकीने पहिलाच हप्ता भरला होता, तिला थांबवता आलं. दुसरीने कर्ज काढून सगळी फी एकदम भरली होती, तिचे हप्ते अजून चालू आहेत आणि आम्ही एकाच शिफ्टला असतो.