स्वर्गातली आई नौपाड्यात: एका अभ्यासवर्गाबद्दल

मॉर्मन धर्मातली (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ) 'स्वर्गीय माता', म्हणजे देवपित्याची जोडीदार, आणि तिच्याबद्दलचं स्त्रीवादी वाचन, असा विषय. चार शनिवार, दीड-दीड तास, फी झेरॉक्ससकट 600 रुपये. नौपाडा ठाण्यात, त्यामुळे वाशी-ऐरोलीकडच्यांना ट्रान्स-हार्बर लोकलने सोयीचं पडतं. धर्माची तोंडओळख पहिल्या सत्रात उरकतात, ते ठीकच.

पैसे वसूल होतात दुसऱ्या सत्रात. सुरुवातीच्या काळातल्या मॉर्मन कवयित्री एलायझा स्नो यांची 1845 ची कविता (पुढे चर्चमध्ये गायलं जाणारं स्तोत्र झाली) आणि चर्चचे नेते गॉर्डन हिंक्ली यांचं 1991 चं भाषण शेजारी ठेवून वाचून घेतात. दोन पेनं न्यायची. कवितेत पिता जे जे करतो त्याखाली निळी रेघ, माता करते त्याखाली लाल. पिता पृथ्वीवर धाडतो, जन्माआधीच्या, स्वर्गातल्या आयुष्याच्या आठवणी झाकून ठेवतो. माता नुसती आहे. लाल पेन जवळजवळ कोरडंच राहतं. शेवटच्या कडव्यात मात्र कवयित्री पिता-माता दोघांनाही थेट हाक मारते. हिंक्लींचं म्हणणं, येशूने पित्याचीच प्रार्थना शिकवली, तेव्हा मातेची करू नये. त्याने तिचा मान उणावत नाही. म्हणजे गाताना हाक चालते, प्रार्थनेत नाही! स्त्रीवादी अभ्यासक बोट ठेवतात ते इथेच.

तिसरं सत्र घाईचं. सप्टेंबर 1993 मध्ये चर्चने सहा जणांवर कारवाई केली, ती सगळी मातेबद्दल बोलल्यामुळे, असा समज होतो. त्यांत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथावर लिहिणारे अभ्यासकही होते. शिवाय बहिष्कृत पाचच झाले, लिन व्हाइटसाइड्स यांचं सदस्यत्व राहिलं, हक्क तेवढे गोठवले. सुरुवातीच्या मॉर्मनांमधल्या बहुपत्नीत्वाला तर जेमतेम पाच मिनिटं. खरं तर माता एकच की अनेक, हा अवघड प्रश्न तिथूनच निघतो.

चौथ्यात आदिशक्तीशी तुलना, आणि गाडी घसरते. आपल्याकडे देवीला आरती, ओटी, नवस, गोंधळ सगळं आहे. या मातेला उपासनाच नाही. साम्य शोधण्यापेक्षा हा फरक धरला असता तर सत्र उभं राहिलं असतं.

चर्चचा 2015 चा अधिकृत लेख आणि चर्चचे नेते डेल रेनलंड यांचं 2022 चं, मातेविषयी तर्क लढवू नका असं बजावणारं भाषण झेरॉक्समध्ये नाही. दोन्ही चर्चच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिसऱ्या शनिवारच्या आत वाचून जा.