पुरानंतरच्या शहरात क्लोरीनची गोळी: कोणती घ्यावी, कशी वापरावी, कुठे कामाची नाही

शहरात पूर शिरला की पाणीपुरवठाही बंद पडतो, कारण जॅकवेल (नदीचं पाणी जमा करणारी विहीर) आणि उपसा केंद्रं नदीकाठीच असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरची शिंगणापूर, बालिंगा ही केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आलं. अशा वेळी मदतीच्या किटमध्ये तांदूळ-डाळ, ब्लँकेट आणि मेणबत्त्यांसोबत क्लोरीनच्या गोळ्यांची एखादी पट्टीही असते. गोळी चांगलीच आहे. तरी वाटलेल्या पट्ट्यांपैकी बऱ्याच वाया जातात, आणि त्यामागे गोळीपेक्षा मापाचा आणि भांड्याचा दोष मोठा असतो.

या गोळीत सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट असतं. पुड्यावर ते बहुधा ‘एनएडीसीसी’ असं लिहिलेलं असतं. ‘ॲक्वाटॅब्स’ हा यातला सगळ्यात परिचित ब्रँड. गोळी पाण्यात टाकली की फसफसून विरघळते आणि क्लोरीन सुटतो. ब्लीचिंग पावडरपेक्षा, म्हणजे आपल्याकडच्या टीसीएलपेक्षा, तिचा मोठा फायदा टिकाऊपणाचा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं फोडून दमट खोलीत ठेवलं की काही आठवड्यांत तो कमी होत जातो आणि किती उरला हे डोळ्यांना कळत नाही. फॉइलमधली गोळी मात्र सुकी ठेवली तर मुदत संपेपर्यंत तेवढाच क्लोरीन देते. पट्टी कात्रीने कापताना शेजारच्या गोळीचा फॉइल फाटला तर तीही दमट होऊन निकामी होते. म्हणून दोन-दोन गोळ्या सुट्या करून वाटू नयेत, अख्खी पट्टी द्यावी.

आता मापाचं. बाजारात ८.५, १७, ३३, ६७ आणि १६७ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात आणि दिसायला त्या जवळपास सारख्याच. ६७ मिलिग्रॅमच्या गोळीतून सुमारे ४० मिलिग्रॅम क्लोरीन सुटतो. तो २० लिटर स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम बसतो, आणि पिण्यासाठी हेच माप हवं. तीच गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकली तर लिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे हव्या मापाच्या वीसपट क्लोरीन होतो. एक घोट घेताच घसा जळजळतो, आणि त्या घरात पुन्हा कुणी गोळीला हात लावत नाही. उलट ८.५ ची, बाटलीसाठीची गोळी २० लिटरच्या जारमध्ये टाकली तर लिटरला पाव मिलिग्रॅम मिळतं. वास येतो, पण जंतू मरतीलच असं नाही. एका वॉर्डात तीन संस्था तीन मापांच्या गोळ्या वाटतात तेव्हा हमखास हेच होतं. आमचं स्पष्ट मत: एका शहरात एकच माप वाटावं, आणि ते ६७ चं असावं, कारण शहरात पाण्याचा २० लिटरचा जार बऱ्याच घरांत असतो.

पाच जणांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला साधारण १५ ते २० लिटर लागतात. म्हणजे रोज एक गोळी. महिन्याला ३० गोळ्या, दहाच्या तीन पट्ट्या. धुण्या-अंघोळीच्या पाण्यात गोळ्या घालू नका.

वापर सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. जार आधी साबणाने घासून धुवा. वीस लिटर भरा, गोळी टाका, झाकण लावा, ती पूर्ण विरघळली की जार हलवा आणि घड्याळ लावून ३० मिनिटं थांबा. वरून पेला बुडवून पाणी काढलं की हातावरचे जंतू आत जातात आणि उरलेला क्लोरीन त्यांच्यावर खर्ची पडतो. त्यामुळे तोटी असलेला जार सगळ्यात उत्तम. तोटी नसेल तर पाणी ओतून घ्या. औषध घातलेलं पाणी सवयीने माठात ओतलं जातं, ते टाळा. मातीच्या भांड्यात क्लोरीन लवकर संपतो. झाकणाचं प्लास्टिक किंवा स्टीलचं भांडं बरं.

पाणी गढूळ असेल तर एकट्या गोळीवर भिस्त ठेवू नका. गाळाचे कण आणि त्यातली घाण क्लोरीन खाऊन टाकतात, शिवाय कणांच्या आड जंतू लपतात. पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती छापील कागदापुढे धरा. अक्षरं धूसर दिसली तर आधी तुरटी फिरवा, तासभर निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा आणि मगच गोळी टाका. तरीही किंचित गढूळ राहिलं तर २० लिटरला दोन गोळ्या. तुरटी आणि गोळी एकदम टाकण्यात अर्थ नाही. गढूळ पाण्यासाठी पी अँड जी कंपनीची पाणी शुद्ध करायची ४ ग्रॅमची पुडी खरोखर जास्त चांगली. तिच्यात फेरिक सल्फेट आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट दोन्ही असतात, आणि एका पुडीत १० लिटर पाणी होतं. पण पाच मिनिटं ढवळा, गाळ बसू द्या, कापडातून दुसऱ्या बादलीत गाळा, मग वीस मिनिटं थांबा, असा तिचा व्याप आहे. निवारा केंद्रात एकाने सगळ्यांसाठी करायला ठीक, खोलीत नऊ जण राहत असलेल्या घरात नाही.

टँकरचं पाणी आलं तर त्यात क्लोरीन किती शिल्लक आहे ते आधी तपासणी किटने पाहा. क्लोरीन असेल तर डीपीडी प्रकारच्या किटने गुलाबी रंग दिसतो, जुन्या ओटी किटने पिवळा. टँकरच्या तोटीवर लिटरला ०.५ मिलिग्रॅम असेल तर ते पाणी त्या दिवशी गोळीशिवाय चालेल. ०.२ च्या खाली असेल तर गोळी टाका. गोळी टाकलेल्या जारमध्येही अर्ध्या तासाने किमान ०.२ ते ०.५ शिल्लक दिसायला हवा. घरोघर गोळ्या देणाऱ्या पथकाकडे किट नसेल तर आपलं काम लागू पडतंय की नाही हे त्यांना कधीच कळणार नाही.

आरओ वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मशीनमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो. म्हणून गोळी मशीनच्या आधी नव्हे, भरून घेतलेल्या जारमध्ये टाका.

गोळी जिथे कामाची नाही अशी मोठी जागा म्हणजे सोसायटीची जमिनीखालची टाकी. पुराचं, म्हणजे गटाराचंही, पाणी तिथेच शिरतं, आणि पंप चालू केला की ते वरच्या टाकीत जातं. तिथे मूठभर गोळ्या टाकून भागत नाही. टाकी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा, स्वच्छ पाणी भरा आणि लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने क्लोरीन द्या. ताज्या टीसीएलने १००० लिटरला १५० ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून वरचं पाणी ओता, चुना खाली राहू द्या. २४ तासांनी ते पाणी काढून टाका आणि नव्याने भरा. टाकीत उतरणारा माणूस एकटा नसावा, झाकण उघडून आधी हवा खेळू द्यावी, वर दोरी धरून कुणीतरी उभं असावं. रोजच्या भरणीला नंतर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पुरतं.

आता वाटपाबद्दल. डॅनिएल लँटेन आणि थॉमस क्लेसन या संशोधकांनी २००९-१० मध्ये नेपाळ, इंडोनेशिया, केनिया आणि हैतीतल्या आपत्तींत घरगुती पाणीशुद्धीकरणाची पाहणी केली. दूषित पाणी खरोखर सुरक्षित करून वापरणाऱ्या घरांचं प्रमाण कुठे शून्य तर कुठे ६७.५ टक्के निघालं. लोकांना वस्तू ओळखीची असेल, सोबत भांडं मिळालं असेल आणि शिकवलं गेलं असेल तिथे फरक पडतो. म्हणून पट्टीसोबत २० लिटरचा जार आणि जारवरच चिकटवलेला कागद द्या: ‘एक जार, एक गोळी, अर्धा तास’. मराठी, हिंदी आणि वस्तीनुसार उर्दूत. सोबत जारचं चित्रही असावं.

एक धोका फार गंभीरपणे घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) साथ आली, आणि आता पूर आला की त्यावरचं प्रतिबंधक औषध डॉक्सीसायक्लिनही वाटलं जातं. दोन्हींच्या पट्ट्या एकाच पिशवीतून दिल्या तर क्लोरीनची गोळी गिळली जाण्याची भीती आहे. औषध आरोग्य सेविकेच्या हातून द्यावं, पाण्याची गोळी जारला बांधून. पट्टीवर जाड मार्करने ‘गिळू नका’ लिहावं. आणि पाणी शुद्ध केलं म्हणून लेप्टो टळत नाही, तो पुराच्या पाण्यात चालताना जखमेतून शिरतो. त्यासाठी गमबूट आणि वेळेत डॉक्टर.

आमचे गुण: स्वच्छ किंवा निवळलेल्या पाण्यासाठी ६७ ची पट्टी, जार आणि तपासणी किटसह, ५ पैकी ४.५. नुसती पट्टी, सूचनेविना, ५ पैकी २. मंडळांनी आणि सोसायट्यांनी मे महिन्यातच खरेदी करावी, पुड्यावरची मुदत आणि माप दोन्ही वाचून, आणि साठा वरच्या मजल्यावर ठेवावा.