एटीव्हीचं कव्हर : दोन पावसाळ्यांनंतर

देवगडच्या आमच्या बागेत पोलारिस कंपनीची ५७० एटीव्ही आहे, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी जाड चाकांची उघडी गाडी. आंब्याच्या पेट्या आणि फवारणीचा पंप वाहायला घेतलेली. शेड आहे, पण दोन बाजूंनी उघडी. त्यामुळे खारा वारा थेट गाडीवर. म्हणून ऑनलाइन २८०० रुपयांचं वॉटरप्रूफ कव्हर मागवलं.

पहिला पाऊस उत्तम गेला. खालून पोटाशी बांधायचे पट्टे आणि बकल आहेत, म्हणून आषाढातल्या वाऱ्यातही ते उडालं नाही. आधीची ताडपत्री शेजाऱ्यांच्या विहिरीत सापडायची!

दुसऱ्या वर्षी आतला लेप पापुद्र्यांसारखा सुटला आणि शिवणीतून पाणी झिरपू लागलं. त्याहून वाईट म्हणजे हवा जायला झडपा नाहीत. ओली गाडी झाकली की आत घाम धरतो आणि नट-बोल्ट तांबूस होतात. आता धुऊन, पुसून, तासभर वाळवल्याशिवाय झाकत नाही. सायलेन्सर गरम असताना घाई केली तिथे तळहाताएवढं भोकही पडलंय. ती चूक माझीच.

उंदरांवर मात्र कव्हरचा उपाय नाही. त्यांना आतली ऊब आवडते, वायरिंग त्याहून जास्त.

हेच पैसे आधी पोटाखालच्या ॲल्युमिनियम पत्र्यात घालायला हवे होते. आमच्या कातळावर जांभ्याची टोकं खालून रोज घासतात. तो पत्रा यंदा बसवला. ओरखडे भरपूर, पोचा एकही नाही.

कव्हरला पाचपैकी तीन. पुढचं घेईन ते झडपांचंच.