पॅडॉक स्टँड, दोन कॅन, एक ब्रश : नाना पेठेतल्या चेन किटचा हिशेब

नाना पेठेत टू-व्हीलर पार्ट्सच्या दुकानात ‘चेनचं किट द्या’ म्हटलं की काउंटरवर ठरलेला ऐवज येतो. क्लीनरचा स्प्रे, ल्यूबचा स्प्रे आणि तीन बाजूंनी केस असलेला प्लॅस्टिकचा ब्रश. दुकानदार मुरलेला असेल तर मागून प्रश्न येतोच, “स्टँड आहे का घरी?” या प्रश्नात त्याचा धंदा असला, तरी प्रश्न बरोबर आहे. चारही वस्तूंत पैसे टाकावेत अशी पहिली वस्तू स्टँडच. बाकीच्यांपैकी एक घ्यावी, एक गाडी आणि ऋतू बघून घ्यावी आणि एक नाही घेतली तरी काही अडत नाही.

स्प्लेंडरवाल्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडले तरी चालतील. त्यांच्याकडे डबल स्टँड आहे आणि चेनवर पूर्ण कव्हरही. गोची होते ती पल्सर एनएस २००, ड्यूक, आर१५ अशा गाड्यांची. यांना कंपनीकडून फक्त साइड स्टँड येतो. यातल्या निम्म्या गाड्या आपल्या चाकणमध्येच तयार होतात, पण चाक उचलायची सोय मात्र ज्याची त्यानं बघायची. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये सर्रास दिसणारा प्रकार सुरू होतो: गाडी साइड स्टँडवर, एकानं ती तिरकी ओढून धरलेली, मागचं चाक अधांतरी, पहिला गिअर टाकून इंजिन चालू आणि दुसरा फिरत्या चेनवर फडकं धरून बसलेला. फडक्याचं टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, मध्ये गेलं की बोट त्याच्या मागोमाग जातं. हात सोडवून घ्यायला वेळच मिळत नाही. चेनचं कोणतंही काम इंजिन बंद, किल्ली खिशात आणि चाक हातानं फिरवून करायचं. यात तडजोड नाही.

आता स्टँड, म्हणजे पॅडॉक स्टँड. बाजारात मिळतो तो मागच्या चाकाचा, लोखंडी पाइपचा, खाली दोन किंवा चार चाकं असलेला. साधारण दोन-तीन हजारांत चांगला मिळतो. घेताना तीन गोष्टी हातानं तपासायच्या. पहिली, वरच्या बाजूचे आधार. यात दोन जाती असतात: यू आकाराची खाच, जी स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) दोन्ही बाजूंनी लावलेल्या बॉबिनखाली, म्हणजे रिळासारख्या छोट्या तुकड्याखाली बसते, आणि रबर लावलेला एल आकाराचा पत्रा, जो थेट स्विंगआर्मच्या खाली बसतो. तुमच्या स्विंगआर्मला बॉबिनसाठी आटे पाडलेले असतील तर डोळे झाकून यू घ्या. एलवरून गाडी घसरू शकते, विशेषतः रबर तेलकट झालं की. दुसरी गोष्ट, आधाराची रुंदी बदलायचा नट. स्वस्तातल्या स्टँडमध्ये तो हातानं पिळायचा असतो आणि गाडीचं वजन आलं की सरकतो. पान्यानं आवळायचा नट असलेला बघा. तिसरी, वेल्डिंग. आडवा पाइप आणि उभा पाइप जिथे मिळतात तिथे वेल्ड सलग हवं. टिपके-टिपके दिसले तर परत ठेवा. रंग कितीही चकचकीत असला तरी.

बॉबिन घेताना आट्यांचं माप विचारा. केटीएमला १० मिमीची लागते, आर१५ ला ६ मिमीची. अंदाजानं आणलेली मोठी बॉबिन जोर लावून बसवायला गेलात की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग स्विंगआर्मला इन्सर्ट बसवावा लागतो. ६ मिमीचा बोल्ट छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरावर आवळायचा. मोठा रिंग पाना लावून ‘अजून थोडा’ करायची ही जागा नाही.

गाडी चढवताना जमीन सपाट हवी. बेसमेंट पार्किंगचा उतार डोळ्याला दिसत नाही, पण गाडीला कळतो. पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहा; गडगडली तर जागा बदला. पुढचा ब्रेक लिव्हर रबर बँडनं किंवा वेल्क्रो पट्टीनं दाबून ठेवा, कारण मागचं चाक उचललं की गिअर गाडीला धरत नाही. धरतो तो फक्त पुढचा ब्रेक. गाडी सरळ उभी करायला पहिले काही वेळा दुसरा माणूस लागतोच. दोन्ही बॉबिन खाचेत बसल्याचं वाकून बघायचं आणि मगच दांडा खाली दाबायचा. एका बाजूची बसली, दुसरी नाही, हीच गाडी पडायची नेहमीची तऱ्हा. आणि ॲक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट गाडी स्टँडवर असताना जोर लावून सोडवायचा नाही. तो आधी जमिनीवरच सैल करून घ्या, मग गाडी चढवा.

या स्टँडचा एक फायदा दुकानदारही सांगत नाही. डबल स्टँडवर मागचं चाक लटकतं, सस्पेन्शन पूर्ण सुटतं, आणि चेनचा ढिलेपणा जमिनीवरच्यापेक्षा वेगळा दिसतो. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मलाच उचलतो, त्यामुळे गाडीचं वजन सस्पेन्शनवर राहतं आणि माप जवळपास जमिनीवरच्यासारखंच मिळतं. मॅन्युअलमध्ये माप कोणत्या स्थितीत घ्यायचं ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांना २० ते ३० मिमी सांगतात, पण मोजायची जागा सगळ्यांची एक नाही.

क्लीनरचा कॅन. काम उत्तम करतो, याबद्दल वाद नाही. मोटुलचा सी-वन असो की दुसऱ्या कुणाचा, ओ-रिंगला (चेनच्या कड्यांमधल्या, आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगला) चालणारा आहे असं कॅनवर लिहिलेलं असलं की झालं. पण घाण काढायला तेवढाच लागतो असं नाही. पूर्वी गॅरेजवाले रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळणं अवघड म्हणून डिझेल वापरतात. ओ-रिंगच्या चेनला दोन्ही चालतात. पुसून कोरडं करायचं तेवढं लक्षात ठेवा. पेट्रोल मात्र नको. ते रबर सुकवतं, ओ-रिंग कडक होऊन चिरते, आतलं ग्रीस निघून जातं आणि मग बाहेरून कितीही ल्यूब मारा, कडी आतून कोरडीच राहते. शिवाय बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाटी आणि शेजारी कुणाची तरी बिडी, हा विचारच नको. स्प्रेचे कॅनही पेटणारेच असतात, तेव्हा उघड्या जागेत बसा. म्हणून क्लीनर ‘नाही घेतला तरी चालेल’ या रकान्यात. घाई असणाऱ्यांनी जरूर घ्यावा; हात कमी घाण होतात.

वॉशिंग सेंटरवाला प्रेशरच्या पाइपनं चेनवर सरळ फवारा मारतो, तेव्हा त्याला थांबवा. त्या जोराचं पाणी ओ-रिंगच्या आत शिरतं आणि चाकाच्या बेअरिंगमध्येही. बाहेरून चेन लख्ख दिसते, म्हणूनच फसायला होतं.

ब्रश मात्र घ्या. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, आणि या किटमधली सगळ्यात कमी कौतुक झालेली. तीन बाजूंचे केस एकाच वेळी चेनची वरची कड आणि दोन्ही बाजू घासतात. जुना टूथब्रश एका कडीला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात हा हातभर चेन स्वच्छ करतो. लोखंडी तारांचा ब्रश कधीच नको. तो ओ-रिंग ओरबाडतो. केस फार कडक असले तर तेही टाळा, नखानं दाबून वाकतात का बघा.

ल्यूबवर सगळ्यात जास्त वाद होतात आणि सगळ्यात कमी फरक पडतो. ओ-रिंग चेनच्या आतलं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. बाहेरच्या ल्यूबचं काम एवढंच की रबर मऊ राहावं, रोलर आणि स्प्रॉकेट एकमेकांना खाऊ नयेत आणि गंज धरू नये. मोटुलचा सी-टू, रस्त्यावरच्या चेनसाठीचा, बिनरंगी आहे, चिकटून राहतो, रिमवर कमी उडतो. कोरड्या दिवसांत, शहरातल्या वापराला छान. पण मेट्रोच्या कामांची धूळ किंवा खडी फोडलेला रस्ता रोजचा असेल, तर चिकट ल्यूबवर ती धूळ बसून चेनला सॅण्डपेपर लागल्यासारखी होते. तिथे कमी मारा आणि लवकर पुसा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल सांगितलेलं असतं, आणि पावसाळ्यात ताम्हिणीकडे वरचेवर जाणाऱ्यांना तेच परवडतं: एक लिटर कितीतरी महिने पुरतं, प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर बिनदिक्कत लावता येतं. उडतं मात्र भरपूर. रिम काळी होईल, ती पुसायची तयारी ठेवा.

मारायची पद्धत कॅनपेक्षा महत्त्वाची. गाडी फिरून आल्यावर चेन कोमट असते, ल्यूब आत शिरतो, तेव्हाच मारा. सकाळी निघायच्या पाच मिनिटं आधी नको. खालच्या बाजूची चेन घ्यायची आणि ल्यूब आतल्या अंगानं, म्हणजे स्प्रॉकेटला लागणाऱ्या बाजूनं मारायचा. चाक फिरलं की तो आपोआप बाहेरच्या दिशेनं जातो. वरून मारलेला ल्यूब बाहेरच्या बाहेर उडतो. चेनच्या मागे पुठ्ठा धरा, म्हणजे टायरवर आणि डिस्कवर शिंतोडे जाणार नाहीत. डिस्कवर गेलाच तर फडक्यानं पुसून सोडू नका. ब्रेक क्लीनरनं धुवा आणि पहिले काही ब्रेक पार्किंगमध्येच हळू वेगात मारून बघा. चाकाच्या दोन फेऱ्या पुरतात. चेनमधून ल्यूब ठिबकतोय म्हणजे तो जास्त झाला. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं बाहेरचा थर पुसून घ्यायचा, आणि शक्यतो रात्रभर गाडी तशीच ठेवायची. दर ५०० किमीला हे करावं, पावसाळ्यात त्याहून लवकर.

एवढं करताना चेन तपासून होतेच. चाक हळूहळू फिरवत ढिलेपणा तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागली तर चेन सगळीकडे सारखी झिजलेली नाही. सैल जागेच्या मापानं ओढली तर घट्ट जागी ती तारेसारखी ताणली जाईल. माप नेहमी घट्ट जागेवर ठरवा. मागच्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहा. दाताचा निम्मा भाग उघडा दिसला किंवा दात एका बाजूला वाकून वाघनखासारखे झाले असतील, तर ल्यूबचे पैसे वाचवा आणि अख्खा सेटच बदला. नुसती चेन बदलून जुन्या स्प्रॉकेटवर चढवली तर नवीही लवकर जाते.

चेन घट्ट करताना पुण्यातल्या कितीतरी गॅरेजांत होणारी चूक म्हणजे जास्त आवळणं. सैल चेन आवाज करते म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतं, घट्ट चेन गप्प राहते म्हणून खूश होतं. पण खड्ड्यात गाडी आदळली, मागे कुणी बसलेलं असलं की स्विंगआर्म वर जातो आणि चेन अजून ताणली जाते. तो ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर पडतो. पुढच्या स्प्रॉकेटमागून तेल झिरपायला लागतं, ते बऱ्याचदा यामुळे. उलट फार सैल चेन दात उडी मारते, आणि वेगात निसटली तर मागचं चाक जाम करू शकते. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरीनं फिरवा. स्विंगआर्मवरच्या खुणा ठोकळमानानं असतात. दोन्हीकडे पिव्हटपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं की खरं काय ते कळतं. नट आवळायच्या आधी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये घडी केलेलं फडकं सरकवून चाक हातानं मागे फिरवा. ॲक्सल ॲडजस्टरला टेकून बसतो, जागचा हलत नाही. मग फडकं काढा, गाडी स्टँडवरून उतरवा आणि नट मॅन्युअलमधल्या आकड्यावर, टॉर्क पान्यानं आवळा. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तेवढ्यापुरता लावून घ्या. आवळल्यावर ढिलेपणा पुन्हा मोजा. नट आवळताना चेन किंचित घट्ट होतेच.

साध्या, ओ-रिंग नसलेल्या चेनवाल्यांसाठी, म्हणजे सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या स्प्लेंडरवाल्यांसाठी, एक जागा जवळून बघण्यासारखी आहे: चेनचं लॉक. ती चिमट्यासारखी छोटी पट्टी एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला चिरलेली असते. बंद टोक चेन जायच्या दिशेला हवं. उलटी बसवलेली असेल तर चेन कव्हरला किंवा एखाद्या खड्याला घासली की चिरलेल्या टोकानं उघडते आणि लॉक सुटतं. गॅरेजमधून चेन काढून बसवून आणलीत तर कव्हर लावायच्या आधी हे एकदा बघून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एकूण हिशेब असा: स्टँड जरूर घ्या, ब्रश जरूर घ्या, ल्यूब गाडी आणि मोसम बघून, क्लीनर हौस आणि वेळेप्रमाणे. दुकानदारानं चारी मिळून ‘सेटचा रेट’ लावला तर स्टँडची किंमत वेगळी विचारा, म्हणजे सूट नक्की कशावर मिळतेय ते कळेल. आणि तेलकट चिंध्या पार्किंगच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच टाकून द्या. डिझेलमध्ये धुतलेली घाण गटारात न ओतता बाटलीत भरून जवळच्या गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात टाका. विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.